मोजलेली चूक आणि न मोजलेली चूक

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुका शाखेच्या मासिक सभेत एका तरुण वैद्यांनी मेंदूच्या एम.आर.आय.चा एक रिपोर्ट सर्वांपुढे ठेवला. रुग्णा अडुसष्ट वर्षांच्या. अलीकडे विसरायला होते, एवढीच तक्रार. रेडिऑलॉजिस्टच्या नेहमीच्या वर्णनाखाली संगणकाने तयार केलेले एक कोष्टक छापलेले होते. मेंदूच्या निरनिराळ्या भागांचे घनफळ आणि त्या वयाच्या निरोगी व्यक्तींशी त्याची तुलना, अशी ती मांडणी होती. स्मृतीशी निकटचा संबंध असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागापुढे 'अपेक्षेपेक्षा कमी' असा शेरा होता. बाईंच्या चिरंजीवांनी वैद्यांना दोन प्रश्न विचारले होते. "आईला अल्झायमर होणार का? आणि तुमच्या औषधाने हा आकडा वाढेल का?"

सभेत दोन तट पडले. एका ज्येष्ठ वैद्यवर्यांनी सांगितले की, यंत्राला प्रकृती कळत नाही, सत्त्व कळत नाही, तेव्हा असल्या आकड्यांकडे लक्ष देण्याचे कारण नाही. दुसऱ्या वक्त्यांनी हे सारे आपल्या संहितांमध्ये पूर्वीच सांगितलेले आहे, पाश्चात्त्यांना ते आज सापडले इतकेच, असे प्रतिपादन केले. दोघांनाही टाळ्या मिळाल्या. त्या चिरंजीवांच्या प्रश्नांना मात्र उत्तर मिळाले नाही.

ते उत्तर शोधण्याच्या निमित्ताने मेंदूच्या प्रतिमा आणि मशीन लर्निंग या विषयाचे जमेल तेवढे वाचन आम्ही केले. आम्ही बी.ए.एम.एस. पदवीधर, गावात चिकित्सा करणारे. संगणकशास्त्रात आमचा अधिकार नाही. परंतु त्या वाचनातून एक गोष्ट मनात पक्की झाली आणि ती वैद्यबंधुभगिनींसमोर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. त्या क्षेत्राकडून आपण घ्यावे असे काही असेल, तर ते त्यांचे यंत्र नव्हे. आपली चूक मोजण्याची त्यांची रीत घ्यावी.

एका अभियंत्याचे काम

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ख्रिस्तोस दावात्झिकोस नावाचे संशोधक २००२ सालापासून कार्यरत आहेत. ते वैद्यक शाखेचे नव्हेत. अथेन्स येथे विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन त्यांनी १९९४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली. मेंदूच्या प्रतिमांवरून संगणकाला रोगाचे चित्र ओळखावयास शिकविणे हा त्यांच्या आयुष्याचा विषय झाला.

एम.आर.आय.ची प्रतिमा आपल्याला काळ्यापांढऱ्या चित्रासारखी दिसते. संगणकाच्या दृष्टीने ती आकड्यांची रास असते. मेंदूचे सुमारे एक मिलिमीटर बाजूचे घन कल्पिले, तर एका मेंदूत असे दहा लाखांहून अधिक घन होतात आणि प्रत्येकास एक आकडा असतो. प्रत्येकाच्या मेंदूची घडण निराळी, घड्या निराळ्या. मग एकाची दुसऱ्याशी तुलना करावी कशी? दावात्झिकोस यांच्या आरंभीच्या कामाचा मोठा भाग याच प्रश्नाशी निगडित आहे. प्रत्येक मेंदूची प्रतिमा गणिताने ताणून अथवा दाबून एका समान मानचित्रावर बसवावयाची आणि ती बसविताना कोणता भाग किती ताणावा वा दाबावा लागला याची नोंद ठेवावयाची. ज्याचा हिप्पोकॅम्पस झिजलेला आहे, त्याच्या प्रतिमेत तो भाग अधिक ताणावा लागतो. ही नोंद म्हणजेच त्या व्यक्तीच्या मेंदूचे वैशिष्ट्य होय.

यापुढे मशीन लर्निंगचे काम सुरू होते. संगणकाला नियम सांगावयाचे नाहीत, उदाहरणे दाखवावयाची. हे निरोगी, हे रुग्ण, असे सांगून अनेक प्रतिमा पुढे ठेवल्या की दोन्ही गटांना विभागणारी सीमारेषा संगणक स्वतः शोधतो. झीज वयोमानाने सर्वांचीच होते, म्हणून कोणत्याही एका जागेवरून निर्णय होत नाही. अनेक जागी थोडथोडे दिसणारे बदल एकत्र पाहिले म्हणजे चित्र स्पष्ट होते. एका लक्षणावर न जाता लक्षणसमुच्चयावरून निर्णय करणे ही वैद्याला परिचित असलेली वाट आहे. मात्र या साम्यावरून कोणताही मोठा दावा करण्याची घाई आम्ही करणार नाही.

आता ज्या गोष्टीने आम्हांस विचारात पाडले ती सांगतो. २००५ साली दावात्झिकोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूच्या कार्याचे चित्रण करणाऱ्या एफ.एम.आर.आय. यंत्रात २२ व्यक्तींना पत्त्यांच्या खेळात काही उत्तरे खरी व काही खोटी द्यावयास सांगितले आणि संगणकाने खरे-खोटे ओळखावे असा यत्न केला. ज्या व्यक्तींच्या प्रतिमांवरून संगणक शिकला होता, त्यांच्या बाबतीत त्याने ९९ टक्के उत्तरे बरोबर ओळखली. परंतु ज्यांच्या प्रतिमा शिकताना पाहिल्याच नव्हत्या, त्यांच्या बाबतीत हे प्रमाण ८८ टक्क्यांवर आले.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हे दोन्ही आकडे त्यांनी शेजारी शेजारी छापले. पाठ केलेल्या प्रश्नांची उत्तरे देणारा विद्यार्थी आणि न पाहिलेला प्रश्न सोडविणारा विद्यार्थी यांतील अंतर जसे परीक्षकाला ठाऊक असते, तसे या क्षेत्रात ते सर्वांस ठाऊक आहे. पहिला आकडा केवळ पाठांतराचा, दुसरा आकलनाचा. ज्या रुग्णांवरून शिकलो त्यांच्याच आधारे स्वतःची परीक्षा घ्यावयाची नाही, हा तेथील पहिला दंडक होय. आपल्या परिषदांतून सादर होणारे रुग्णानुभव आठवून पाहावेत. त्यांत हा दुसरा आकडा कितीदा दिसतो?

२००९ साली याच गटाने अल्झायमरसदृश झिजेचे चित्र एका निर्देशांकात मांडले. अल्झायमरचे रुग्ण आणि निरोगी वृद्ध यांच्या प्रतिमांवरून संगणकाने जी सीमारेषा शिकली, तिच्या कोणत्या बाजूस आणि किती अंतरावर एखादी व्यक्ती आहे हे तो निर्देशांक सांगतो. बाल्टिमोर येथे १९५८ पासून चाललेल्या वार्धक्याच्या दीर्घकालीन अभ्यासातील वृद्धांच्या वर्षानुवर्षांच्या प्रतिमांना तो लावून पाहिला, तेव्हा बोधनक्षमतेत सौम्य घट आलेल्यांमध्ये तो निर्देशांक निरोगी वृद्धांपेक्षा अधिक वेगाने वाढताना आढळला. सभेत आलेल्या त्या रिपोर्टवरील कोष्टक हे अशाच संशोधनप्रवाहाचे व्यवहारात उतरलेले रूप आहे.

यंत्राचे हेत्वाभास

चरकाचार्यांनी रोगविशेषाच्या ज्ञानासाठी विमानस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान ही त्रयी सांगितली. सूत्रस्थानात तिच्या जोडीस युक्तीही आहे. या भाषेत बोलावयाचे तर एम.आर.आय. ही प्रत्यक्षाची कक्षा वाढविणारी सोय आहे आणि मशीन लर्निंग हे अनुमान आहे. अनुमानाचा प्राण व्याप्ती होय. जेथे धूर तेथे अग्नी, हे साहचर्य पुनःपुन्हा पाहिल्याने आपण पर्वतावरील धुरावरून अग्नी जाणतो. यंत्रही असंख्य उदाहरणांतून साहचर्यच पाहते. म्हणून अनुमानाचे जे दोष नैयायिकांनी सांगितले, तेच यंत्राच्याही वाट्यास येतात.

त्यांपैकी उपाधीचा दोष येथे विशेष महत्त्वाचा आहे. धूर असेल तेथे अग्नी असतो हे खरे. परंतु अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. ओले सरपण असेल तरच धूर निघतो. हे ओले सरपण म्हणजे उपाधी. ती ज्याच्या ध्यानात आली नाही, त्याचे अनुमान स्वयंपाकघरात खरे ठरते आणि लोहाराच्या भट्टीपाशी फसते.

यंत्राच्या बाबतीत नेमके हेच घडते. २०१८ साली छातीच्या क्ष-किरण चित्रांवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या प्रणालीचा एक अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चित्र कोणत्या रुग्णालयातून आले हे ती प्रणाली जवळजवळ अचूक ओळखू शकत होती. ज्या रुग्णालयात न्यूमोनियाचे प्रमाण अधिक, तेथील चित्र दिसले की रोगाची शक्यता अधिक, असा सोपा मार्ग तिला उपलब्ध होता. बाहेरच्या रुग्णालयांतील चित्रांवर पाचांपैकी तीन तुलनांत तिची कामगिरी घसरली. रुग्णालयाची खूण हेच तेथील ओले सरपण.

मेंदूच्या प्रतिमांतही हीच अडचण आहे. एम.आर.आय. यंत्रे निरनिराळ्या कंपन्यांची, त्यांची चुंबकशक्ती निराळी, प्रतिमा घेण्याची पद्धत निराळी. एकाच व्यक्तीची दोन ठिकाणी प्रतिमा घेतली तर घनफळाचा आकडा थोडा बदलू शकतो. मग कमी आलेला आकडा झिजेमुळे की यंत्रामुळे? जनुकशास्त्रात २००७ साली मांडली गेलेली एक सांख्यिकी पद्धत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली मेंदूच्या प्रतिमांना लागू केली. तिच्या साह्याने यंत्रामुळे येणारा फरक अंदाजून वजा करता येतो. उपाधी ओळखणे आणि ती दूर करणे हा त्या शास्त्राचा नित्यक्रम होऊन बसला आहे.

स्वतः दावात्झिकोस यांनी २००४ साली एक लेख लिहून, मेंदूच्या प्रतिमांची घनागणिक तुलना करण्याची त्या काळी लोकप्रिय झालेली पद्धत अतिशय सावधपणे वापरावी, असे बजावले होते. ज्या क्षेत्रात आपण नाव मिळवीत आहोत, त्याच क्षेत्रातील रूढ साधनाच्या मर्यादा त्याच क्षेत्राच्या नियतकालिकात जाहीरपणे सांगणे, हे धैर्य आहे. आपल्या पंचकर्मविषयक किंवा रसौषधिविषयक लेखांत असे किती लेख आपण छापले, याचे उत्तर या पत्रिकेच्या जुन्या अंकांतच मिळेल.

जाणकारांचे मतभेद

यंत्राला शिकवावयाचे म्हणजे आधी कोणी तरी अचूक उत्तर सांगितले पाहिजे. ते सांगणार जाणकार. परंतु जाणकारांचे तरी एकमत असते काय?

मेंदूतील अर्बुदाची सीमा संगणकाने आखावी, यासाठी 'ब्रॅट्स' या नावाने एक खुली स्पर्धा २०१२ पासून भरते. अर्बुदाच्या प्रतिमा सर्वांना दिल्या जातात आणि कोणाची पद्धत सीमा अधिक बरोबर आखते हे पाहिले जाते. पुढील काळात तिला प्रतिमा देणाऱ्या संस्थांमध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरचेही नाव आहे. आरंभीच्या स्पर्धांचा वृत्तान्त २०१५ साली प्रसिद्ध झाला. ६५ प्रतिमासंचांवर २० पद्धती पारखल्या गेल्या. त्यांत एक आकडा असा आहे की, तज्ज्ञांनी स्वतः आखलेल्या सीमा एकमेकींशी जुळण्याचे प्रमाण अर्बुदाच्या भागानुसार ७४ ते ८५ टक्के एवढेच होते. कोणतीही एक पद्धत सर्व भागांत श्रेष्ठ ठरली नाही. चांगल्या पद्धतींची मते एकत्र करून बहुमताने काढलेली सीमा मात्र एकेकटीपेक्षा सरस ठरली.

येथे क्षणभर थांबावे. अनुभवी तज्ज्ञांत एवढा मतभेद आहे हे कळल्यावर त्यांनी ते झाकून ठेवले नाही. तो मोजला, छापला आणि यंत्राकडून किती अपेक्षा ठेवावी याचे ते माप मानले. आपल्याकडे तद्विद्यसंभाषेची परंपरा आहे. विमानस्थानात तिचे केवढे सविस्तर विवेचन आहे! परंतु दहा वैद्यांनी एकाच रुग्णाची नाडी स्वतंत्रपणे पाहून आपापले मत चिठ्ठीवर लिहावे आणि मग त्या चिठ्ठ्या एकत्र उघडाव्यात, असा प्रसंग आमच्या वीस वर्षांच्या व्यवसायात एकदाही आला नाही. आपल्या मतांचे प्रमाण ७४ भरेल, ४० भरेल की ९० भरेल? आम्हांस ठाऊक नाही. ते जाणून घेण्याचे आम्हांस भय वाटत आले, हे येथे कबूल केलेले बरे.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आयुर्वेदात प्रत्येक रुग्ण वेगळा, तेथे संख्याशास्त्र काय कामाचे? वस्तुतः या संशोधनाचा ओघ व्यक्तिवैशिष्ट्याकडेच वळलेला आहे. २०२४ साली दावात्झिकोस यांच्या गटाने ४९,४८२ व्यक्तींच्या मेंदूप्रतिमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वार्धक्यात मेंदू एकाच रीतीने झिजत नाही, झिजेचे पाच प्रमुख प्रकार दिसतात आणि प्रत्येक व्यक्तीत त्या पाचांचे प्रमाण वेगवेगळे असते, असे त्यांस आढळले. (पाच हा आकडा पाहून पंचमहाभूतांशी त्याचा मेळ घालणारा एखादा लेख संपादकांकडे लवकरच येईल. तो त्यांनी साभार परत करावा अशी आमची विनंती आहे.) प्रत्येक व्यक्ती वेगळी आहे हे म्हणणे सोपे. ती कशात आणि किती वेगळी आहे हे सांगण्यासाठी पन्नास हजारांच्या आसपास माणसे पाहावी लागली.

आमची एक चूक

इतरांना उपदेश करण्यापूर्वी आमच्याच नोंदवहीतील एक पान उघडणे उचित होईल.

सात-आठ वर्षांपूर्वी बाहत्तर वर्षांच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांच्या सूनबाई आमच्याकडे घेऊन आल्या. गुरुजींना महिन्याभरापासून नावे आठवत नव्हती, बोलताना वाक्य अर्धवट राही, चालणे मंदावले होते. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, वय पाहिले आणि वातप्रकोपजन्य स्मृतिभ्रंश असे निदान केले. ब्राह्मी घृत, नस्य, शिरोधारा अशी योजना केली. तिसऱ्या आठवड्यात सूनबाई म्हणाल्या, "आता जरा बरं वाटतंय हो त्यांना." आम्ही नोंदवहीत 'उपशय' असे लिहिले.

सहाव्या आठवड्यात गुरुजींचे डोके दुखू लागले आणि उजवा पाय ओढू लागला. पुण्याहून आलेल्या मुलाने त्यांना थेट शहरात नेऊन सी.टी. स्कॅन करविला. मेंदूवरील आवरणाखाली डाव्या बाजूस जुने रक्त साचलेले होते. कवटीला छिद्र पाडून ते काढण्यात आले. महिन्याभराने गुरुजी स्वतः पायऱ्या चढून पेढे घेऊन आमच्याकडे आले. आमचे नाव त्यांना आठवत होते. "वैद्यबुवा, तुमच्या औषधानं थोडा आधार मिळाला," असेही ते म्हणाले. तो पेढा आमच्या घशाखाली उतरला नाही.

आमच्याकडे येण्यापूर्वी सुमारे दीड महिना गुरुजींचा मोरीत पाय घसरला होता आणि डोके भिंतीवर आपटले होते. हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळीही त्यांना चालू होती. या दोन्ही गोष्टी आम्ही विचारल्या नाहीत. निदानपंचकात पहिले स्थान हेतूला आहे. अभिघात हा हेतू आपल्या शास्त्राला अपरिचित नाही आणि शिर हे त्रिमर्मांपैकी एक. शास्त्राने सांगितलेला प्रश्न वैद्याने विचारला नाही, तेव्हा ती चूक शास्त्राची नव्हे, आमची. या रोगात लक्षणे मधूनच कमी-अधिक होतात, म्हणून 'उपशय' हाही भ्रमच होता.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. गुरुजींचे कुटुंबीय सज्जन होते म्हणून ते परत आले आणि आम्हांस आमची चूक कळली. ते आले नसते, तर आमच्या नोंदवहीत ते पान 'उपशय' या शब्दावरच संपले असते. उद्या आम्ही व्याख्यानास उभे राहिलो असतो आणि ब्राह्मी घृताच्या यशस्वी रुग्णांत गुरुजींची गणना केली असती. अशी किती पाने आमच्या वहीत असतील? हे आम्हांस सांगता येत नाही आणि हीच न मोजलेली चूक होय.

गुरुजींच्या स्कॅनसाठी मशीन लर्निंगची गरज नव्हती. पण याच रोगाशी संबंधित एक काम आपल्या मुंबईत झालेले आहे. क्यूअर डॉट एआय या संस्थेने देशातील सुमारे २० केंद्रांतील ३,१३,३१८ सी.टी. स्कॅनच्या आधारे डोक्यातील रक्तस्राव, अस्थिभंग इत्यादी ओळखणारी प्रणाली तयार केली आणि २०१८ साली तिचा वृत्तान्त 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तिची परीक्षा घेण्यासाठी दिल्लीतील केंद्राकडून आलेले ४९१ स्कॅन वापरले. तीन रेडिऑलॉजिस्टनी ते स्वतंत्रपणे वाचले आणि त्यांच्या बहुमताशी यंत्राचे उत्तर ताडून पाहिले. ते यंत्र किती रक्तस्राव ओळखते आणि किती वेळा विनाकारण धोक्याची सूचना देते, हे कोणीही वाचू शकतो. मोरीत पाय घसरला होता का, हे विचारणे त्या यंत्राला साधत नाही. ते आम्हांस साधत होते आणि आम्ही विचारले नाही.

आपण काय करावे?

आमच्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी आपल्या शाखांच्या पातळीवर लगेच करता येतील. त्यांस मोठा निधी लागत नाही.

पहिली गोष्ट, स्मृतिविकाराची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक वृद्धास काही प्रश्न न चुकता विचारावेत. डोक्यास मार लागला का, पडणे झाले का, रक्त पातळ करणारी किंवा झोपेची औषधे चालू आहेत का, मद्यपान आहे का, मन खिन्न असते का, चाल बदलली का, लघवीवरील ताबा गेला का. थायरॉइड आणि बी-१२ यांची तपासणी करून घ्यावी, कारण त्यांच्या कमतरतेने होणारी विस्मृती पुष्कळदा सुधारते. तक्रार काही आठवड्यांत वेगाने वाढली असेल, डोकेदुखी, उलटी, झटके किंवा एका अंगाची दुर्बलता असेल, अथवा मार लागल्याचा इतिहास असेल, तर औषधयोजनेच्या आधी स्कॅन करवावा. यात वैद्याचा कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट, चिकित्सा सुरू करण्यापूर्वी निदान आणि साध्यासाध्यता लिहून त्यावर तारीख घालावी आणि सहा महिन्यांनी, रुग्ण आला नाही तरी, त्याच्या घरी विचारपूस करून परिणाम लिहावा. न आलेले रुग्ण हेच आपले न पाहिलेले उदाहरण होय. आपला ८८ टक्क्यांचा आकडा तेथेच सापडेल, मग तो कितीही का असेना.

तिसरी गोष्ट, मासिक सभेत एका रुग्णाची परीक्षा निदान तीन वैद्यांनी स्वतंत्रपणे करावी, मते लिहावीत आणि मग उघडावीत. नावे समान असावीत म्हणून आयुष मंत्रालयाच्या 'नमस्ते' पोर्टलवरील संज्ञा २०१७ पासून उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या संज्ञांचे प्रकरण आपल्या रोगवर्गीकरणास जोडले. संज्ञा तयार आहेत. त्या वापरून नोंदी करणारे हात हवे आहेत. काहींना भय वाटते की रुग्णाची माहिती बाहेर जाईल. त्यावरही मार्ग निघालेला आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रकल्पात सहा खंडांतील ७१ संस्थांनी मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा या अर्बुदाच्या ६,३१४ रुग्णांवरून एकच प्रणाली घडविली. एकाही रुग्णाची प्रतिमा रुग्णालयाबाहेर गेली नाही. प्रणालीच संस्थेसंस्थेत शिकून आली. आपल्या वह्याही आपापल्या कपाटातच राहू द्याव्यात. त्यांतून निघालेले आकडे तेवढे एकत्र यावेत.

चौथी गोष्ट, स्कॅनच्या आधीच्या व नंतरच्या चित्रांची जाहिरात कोणीही करू नये. दोन निराळ्या यंत्रांवरील दोन चित्रांतील फरकाला औषधाचा गुण म्हणणे म्हणजे ओल्या सरपणाचे श्रेय अग्नीला देणे होय. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा तर आहेच. पण कायद्याच्या आधी आपली लाज आड यावी.

आता त्या चिरंजीवांचे दोन प्रश्न. पुढील सभेत आम्ही तरुण वैद्यांना सुचविलेले उत्तर असे: "हा आकडा पुष्कळांच्या तुलनेत तुमच्या आईंचे स्थान सांगतो. एका आकड्यावरून त्यांना रोग आहे असे ठरत नाही आणि नाही असेही ठरत नाही. न्यूरॉलॉजिस्टना दाखवून स्मृतीची रीतसर परीक्षा करून घ्या, वर्षाने शक्यतो त्याच यंत्रावर पुन्हा प्रतिमा घ्या. त्यांचा आहार, झोप, चालणे, मनःस्वास्थ्य यांची काळजी आपण दोघे मिळून घेऊ. औषधाने हा आकडा वाढेल का, हे मी सांगू शकत नाही, कारण आम्ही ते अजून मोजलेले नाही."

सभेतील ज्येष्ठ वैद्यवर्यांनी विचारले की, असे उत्तर दिले तर रुग्ण आपल्याकडे टिकेल का? तरुण वैद्यांनी सांगितले की, बाई दर पंधरा दिवसांनी येतात. त्यांच्या केसपेपरावर तारीख घातलेली आहे आणि सहा महिन्यांनंतरच्या नोंदीसाठी खाली जागा मोकळी ठेवलेली आहे. आपल्या प्रत्येकाच्या केसपेपरावर ती मोकळी जागा असावी, एवढेच आमचे मागणे आहे.